महासत्तेच्या चिठ्ठ्या आणि सुपारीएवढं गाव

काही घरांत रद्दी साठते, काही घरांत झाकणं हरवलेले प्लॅस्टिकचे डबे. आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये युद्धाच्या गोष्टी साठतात, आणि कधी कुठून बाहेर पडतील याचा नेम नाही. परवा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गेटवर पर्समध्ये हात घातला, हाताला लागलं ते कार्ड समजून टॅप केलं आणि गेट उघडायची वाट बघत उभी राहिले. गेट उघडेना. मागच्या चिनी आजोबांनी वाकून माझ्या हाताकडे पाहिलं. हातात लाकडी हेलिकॉप्टर होतं. आजोबा अतिशय सौजन्यानं म्हणाले, "बहुतेक टॉप-अप करावं लागेल."

हे हेलिकॉप्टर आमच्या शनिवारच्या मंडळींचं. ही मंडळी कोण, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

मी इथल्या एका युनिव्हर्सिटीत इतिहासाची पोस्टडॉक आहे. आमच्या विभागातले प्रोफेसर ओंग गेली कित्येक वर्षं दर सेमिस्टरला शनिवारी एक युद्ध लावतात. मोठ्या टेबलावर रंगवलेला नकाशा. एक देश. जुने राज्यकर्ते नुकतेच गाशा गुंडाळून गेलेत. जंगलात गनिमी फौज, राजधानीत एक डळमळीत सरकार, आणि समुद्रापलीकडे एक महासत्ता, जिला या सरकारला थोडीशी मदत करायची आहे. हा देश व्हिएतनाम आणि महासत्ता अमेरिका, हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही ठाऊक असतं. पण खेळात नाव घ्यायचं नाही. प्रोफेसर म्हणतात, "नाव घेतलं की मुलांना शेवट आठवतो. शेवट आठवला की सगळेच शहाणे होतात."

खेळाचा मुख्य नियम एकच. महासत्तेनं एक माणूस जरी वाढवला, तरी चिठ्ठी लिहायची. वर कशासाठी पाठवतोय ते, आणि खाली, दरवेळी, न चुकता: 'हे शेवटचं.' पंचानं ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. आजवरच्या सगळ्या खेळाडूंच्या चिठ्ठ्या त्याच डब्यात आहेत. डबा आता झाकण दाबून लावावा लागतो.

पंच मी.

यंदा जूनमध्ये प्रोफेसर रिटायर होणार आणि माझं कॉन्ट्रॅक्टही जूनपर्यंतच. सेमिस्टरच्या शेवटच्या शनिवारी विभागप्रमुख बाई येऊन बघणार होत्या. त्यांना पटलं तर ऑगस्टच्या नव्या सेमिस्टरपासून खेळ चालू राहील आणि तो मी चालवीन. नाही पटलं तर टेबल भंगारात आणि मी घरी. माझ्या नवऱ्याची, समीरची, नोकरी आहे, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता. पण 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाला माझ्याकडे एक धड वाक्य आहे. ते मिळवायला मला सात वर्षं लागलीत. ते जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता.

*

मला पंच म्हणून घेताना प्रोफेसरांनी माझा थीसिस उघडूनही बघितला नाही. विचारलं, "तू काळजी करतेस का?"

मी म्हटलं, "हो."

"आत्ता कशाची चालू आहे?"

खोटं सुचेना, म्हणून खरं सांगितलं. मुलीच्या बाटलीचं झाकण नीट बसलं नसेल तर दप्तरात पाणी सांडेल. मग वही भिजेल. वही भिजली की ती रडेल. रडली की टीचर मला फोन करतील, आणि माझा फोन आत्ता सायलेंटवर आहे.

प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला. "एका झाकणापासून फोनपर्यंत पोचलीस. महासत्तेच्या खुर्चीत बसणाऱ्याला झाकणसुद्धा दिसत नाही. सोमवारपासून ये."

माझ्या या स्वभावाची कुणी पगार देऊन कदर करेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तरंगत घरी आले. वही कोरडी ठणठणीत होती. बाटलीच शाळेत राहिली होती. ती काळजी माझ्या यादीत नव्हती.

*

निखिल कोथरूडचा. इथे दुसऱ्या विभागात ऑप्टिमायझेशन का काहीतरी करतो. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला मी त्याला या खेळाबद्दल सांगून बसले आणि पुढच्या शनिवारी तो हजर. म्हणाला, "ताई, याला इतिहास कशाला लागतोय? हे साधं गणित आहे. महासत्तेला तीन पाळ्यांत बाहेर काढून दाखवतो."

प्रोफेसरांना असे लोक फार आवडतात. त्यांनी स्वतः उठून त्याला महासत्तेची खुर्ची दिली. त्या खुर्चीला तेवढी गादी आहे.

पहिली चिठ्ठी: "फक्त एक सल्लागार. लढायचं नाही. हे शेवटचं."

दुसरी: "सल्लागाराच्या संरक्षणासाठी थोडे सैनिक. हे शेवटचं."

तिसरी: "सैनिकांना रसद पोचवायला हेलिकॉप्टर. हे शेवटचं."

चौथी: "हेलिकॉप्टर उतरायला धावपट्टी. हे शेवटचं."

पाचवी: "धावपट्टीवर पाणी साचतं म्हणून इंजिनिअर. हे शेवटचं."

सहाव्या पाळीला तो पेन हातात धरून बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. मग मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "ताई, मी हे सगळं त्या एका सल्लागारासाठी करतोय. कळतंय मला."

"मग त्याला परत बोलाव."

"आता कसं बोलावू? आता तिथं धावपट्टी आहे."

*

गनिमी फौजेचा खेळाडू खोलीत बसत नाही. तो इमारतीत कुठंही बसतो आणि आपली चिठ्ठी दाराखालून सरकवतो. आमचा गनीम म्हणजे वेई जिए, तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, इथल्या सगळ्यांसारखा वाक्याच्या शेवटी 'लाह' लावणारा. लष्करातली सक्तीची दोन वर्षं करून आलाय, आणि त्या दोन वर्षांत काय शिकलास विचारलं तर म्हणतो, "वाट बघायला."

एका शनिवारी त्याची चिठ्ठी आली नाही. दुसऱ्या पाळीलाही नाही. निखिल दाराखालच्या फटीकडे बघायला लागला. तिसऱ्या पाळीलाही काही नाही म्हटल्यावर त्यानं नकाशावर पेन्सिलीनं बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. "हा काहीतरी मोठं करतोय. एवढी शांतता उगाच नसते." त्यानं दोन तुकड्या उत्तरेला पाठवल्या, एक पश्चिमेला, आणि राजधानीभोवती कुंपण. प्रत्येकाची चिठ्ठी लिहिली. मी चारही मोठ्यानं वाचल्या.

चौथ्या पाळीला दार उघडून वेई जिए स्वतःच आत आला. हातात झाकणाची वाटी, वाटीत नूडल्स.

निखिलनं विचारलं, "काय करत होतास इतका वेळ?"

"कॅन्टीनला लाइन लांब होती, लाह."

*

आमच्या ह्यांचाही एक शनिवार झाला. त्या दिवशी निखिलला ताप होता आणि खुर्ची रिकामी राहू नये म्हणून मी समीरला गळ घातली.

समीर जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यात प्रोसेस सेफ्टीत आहे. तिथं कंपनीच्या बसमधून पास दाखवून जायचं आणि आत साधा पाना फिरवायचा तरी परमिट काढायचं. तो खुर्चीत बसला आणि पहिला प्रश्न: "बाहेर पडायचा रस्ता कुठं दाखवलाय?"

प्रोफेसर म्हणाले, "दाखवलेला नाही."

"मग मी आत कुणाला पाठवणारच नाही."

आणि खरंच, दोन पाळ्या त्यानं एक माणूस पाठवला नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. प्रोफेसर उठून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. माझ्या मनात आलं, हा माणूस घरी गिझर बंद करायचा विसरतो, आणि याच्या हातून इतिहास बदलणार.

तिसऱ्या पाळीला फासा पडला आणि राजधानीतलं सरकार कोसळलं. सरकारच्या खुर्चीतला मुलगा आता नवीन जनरल झाला. त्यानं कसलीही मदत मागितली नाही. एवढंच म्हणाला, "आमच्याकडे सुरक्षेची व्यवस्था अगदीच वाईट आहे हो."

समीरनं चष्मा वर सरकवला. मी मान हलवून नाही-नाही करत होते, पण पंचाला बोलता येत नाही.

सातव्या पाळीला त्याची माणसं नकाशाच्या निम्म्या भागात होती. सगळीच्या सगळी सुरक्षेसाठी. परत येताना ट्रेनमध्ये तो बोटांवर माणसं मोजत होता. टॅम्पिनीस आल्यावर म्हणाला, "त्या जनरलला ऑडिट नीट करायला लावलं असतं ना, तर अजून दोनच माणसांत काम झालं असतं."

*

हान व्हिएतनामची आहे. माझ्याच बरोबरीची, विभागात माझ्याच मजल्यावर, कॉन्ट्रॅक्टही माझ्यासारखंच जूनपर्यंत. पहिल्या दिवशी कुणीतरी तिला म्हणालं, "तू गनीम हो, तुझ्या रक्तात असेल." हाननं त्याच्याकडे बघून गोड हसून सांगितलं की तिला जुने राज्यकर्ते व्हायचं आहे. म्हणजे फ्रेंच.

जुन्या राज्यकर्त्यांना खेळात कामच नाही. दर पाळीला महासत्तेला एक वाक्य सल्ला द्यायचा, बस. तो कुणी ऐकायलाच हवा असं नाही. हान दर पाळीला खांदे उडवायची, एक सुस्कारा सोडायची आणि म्हणायची, "आम्हीही अगदी असंच म्हणालो होतो."

दर पाळीला तेच वाक्य, तोच सुस्कारा.

शेवटी निखिल माझ्याकडे वळला. "पंच, ही तेच तेच बोलते आहे."

हान म्हणाली, "तोही."

एकदा कॉपी मशीनजवळ आम्ही दोघीच होतो. मी न राहवून विचारलं, तुझ्या घरचे तेव्हा कुठं होते. कागद निघत होते तेवढ्या वेळात तिनं सांगितलं. तिची आई तेव्हा लहान मुलगी होती. त्यांच्या गावात दिवसा एक यायचे आणि अंधार पडला की दुसरे. दोघंही एकच विचारायचे, तुम्ही कुणाच्या बाजूचे. हानची आजी दोघांनाही हो म्हणायची आणि दोघांनाही जेवायला वाढायची.

"मग?"

"मग काय. गाव आता नाही." तिनं कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून सरळ केला. "आई यातलं काही बोलत नाही. मला हे मामाकडून कळलं."

*

आता एक किस्सा माझा स्वतःचा, कारण दुसऱ्यांचेच सांगत बसणं बरं दिसत नाही.

आमच्या ब्लॉकखाली घसरगुंडी आहे. रेवा, माझी पाच वर्षांची लेक, आणि पाचव्या मजल्यावरचा इथन, यांचं तिथं वर्चस्वावरून चालू असतं. मी ठरवलं होतं, मध्ये पडायचं नाही. बाकावर बसून फक्त सांगायचं, "रेवा, आळीपाळीनं." मग बाकावरून ऐकू जात नाही म्हणून जवळ गेले. जवळ गेले म्हणून इथनची आई जवळ आली. ती म्हणाली, आधी कोण होतं ते ठरलं पाहिजे. मी म्हटलं, वेळ लावू या. फोनवर टायमर लावला. दोन मिनिटं तुझा, दोन मिनिटं माझी. मग वर चढायचा वेळ त्यात धरायचा का, यावर आमचं बरंच झालं. मी घरून कागद आणून तक्ता केला. तिनं त्यावर आक्षेप घेतला. बाजूच्या ब्लॉकमधल्या एक मलय बाई मध्यस्थीला आल्या.

बऱ्याच वेळानं कुणीतरी माझा कुर्ता ओढला. रेवा होती. एका हातात इथनचा हात, दुसऱ्या हातात त्यानं दिलेली जेली. "आई, आम्ही सगळे खेळून फिनिश ऑलरेडी, लाह. तुमचं अजून नाही?"

रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी एक चिठ्ठी होती. समीरच्या अक्षरात: "फक्त एक टायमर. हे शेवटचं."

मी ती त्या डब्यात टाकली. तिथंच शोभते.

*

शेवटचा शनिवार.

नकाशावर डझनभर गावं आहेत. गाव म्हणजे सुपारीएवढा लाकडी ठोकळा, वर लाल छप्पर, भातुकलीत शोभावा असा. त्यातलं मधलं, नदीकाठचं गाव खेळाडू म्हणून एकाला द्यायचं असतं आणि ते कुणालाच नको असतं, कारण त्याला चालच नाही. गावाचा नियम एवढाच: जो विचारेल त्याला हो म्हणायचं. गाव जिंकता येतं, जाळता येतं, उचलून दुसरीकडे वसवता येतं. हे सगळं बाकीच्यांनी करायचं. उशिरा येणाऱ्याला मी शिक्षा म्हणून गाव द्यायचे.

त्या दिवशी गावाला नेमलेल्या मुलीचा सकाळी मेसेज आला: आजारी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. विभागप्रमुख बाई आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर वही, हातात पेन. प्रोफेसर खिडकीबाहेर बघत होते. हा प्रश्न माझा आहे, असं ते पाठीनं सांगत होते. गावाची खुर्ची रिकामी. गाव नाही तर खेळ नाही, खेळ नाही तर ऑगस्ट नाही.

खोलीत त्या दिवशी आणखी तीन जणं होती. समीरची शिफ्ट असली की रेवा माझ्याबरोबर येते. आणि हानचं सहा महिन्यांचं बाळ आणि त्याला सांभाळायला व्हिएतनामहून आलेली तिची आई. आम्ही सगळे त्यांना 'बा' म्हणतो. त्यांच्याकडे आजीला तसंच म्हणतात. बांना इंग्रजी येत नाही. दर शनिवारी त्या खिडकीपाशी बाळाची गाडी हलवत बसायच्या आणि पपनस सोलायच्या. रेवा त्यांच्या पायाशी. दोघींची एकही भाषा एक नाही, तरी तासन् तास जमायचं. मात्र इतक्या महिन्यांत बांनी टेबलाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. खुर्चीच पाठमोरी ठेवलेली असायची.

मी हानला हळूच म्हटलं, "आता काय करू? गावच नाही."

बांनी काहीतरी विचारलं. हाननं उत्तर दिलं. बांनी पुन्हा विचारलं. हान म्हणाली, नको, नको, असं काहीतरी, आणि तेवढ्यात बा उठल्या. पपनसाची ताटली उचलली, टेबलाला वळसा घातला आणि गावाच्या खुर्चीत बसल्या. रेवा मागोमाग जाऊन त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

हानचा चेहरा उतरला होता. मी प्रमुख बाईंकडे बघून म्हटलं, "आपण सुरू करू या."

निखिलनं विचारलं, "गाव आमच्या बाजूचं आहे का?" हाननं भाषांतर केलं. बांनी मान डोलावली आणि त्याला पपनसाची एक फोड दिली.

दाराखालून वेई जिएची चिठ्ठी आली. त्याचाही प्रश्न तोच. बांनी मान डोलावली, एक फोड रेवाच्या हातात दिली. रेवानं दार किलकिलं करून ती बाहेर काढली. बाहेरच्या हातानं ती घेतली.

असं पाळीमागून पाळी चाललं. निखिल आता तरबेज झाला होता. या खेपेला त्यानं एकच धोरण ठेवलं: बाकी सगळं सोडायचं, फक्त हे एक गाव राखायचं. गावाभोवती सैनिक. सैनिकांभोवती कुंपण. कुंपणाबाहेर धावपट्टी. वर हेलिकॉप्टरं, इतकी की ठेवायला जागा नाही, एकाला एक चिकटलेली. चिठ्ठ्या वाचून माझा घसा सुकला. हान दर पाळीला खांदे उडवायचं विसरली होती.

आठव्या पाळीला मी हिशेब लावायला नकाशावर वाकले. सैनिक होते. कुंपण होतं. धावपट्टी, हेलिकॉप्टरं, सगळं जागच्या जागी. आणि बरोब्बर मध्ये, नदीकाठी, एक स्वच्छ हिरवा गोल. इतकी वर्षं वर ठोकळा असल्यामुळे तिथला रंग उडाला नव्हता.

गाव नव्हतं.

टेबलाखाली बघितलं. खुर्च्या सरकवल्या. निखिलनं एक एक हेलिकॉप्टर उचलून पाहिलं. प्रोफेसर पहिल्यांदाच खिडकीपासून हलले, नियमांची वही घेतली, गावाचं पान काढलं, वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं. मग वही मिटून माझ्याकडे दिली. "गाव स्वतः निघून गेलं तर काय, ते मी लिहिलेलं नाही."

बा बोटं पुसत होत्या.

निखिल म्हणाला, "ताई, गाव आणा. त्याच्यासाठी तर हे सगळं आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. एरवी अशा वेळी मला पुढच्या दहा वाईट गोष्टी एका रांगेत दिसतात. त्या क्षणी काहीच दिसेना. फक्त तो हिरवा गोल दिसत होता.

मी म्हटलं, "खेळ चालू. महासत्तेची पाळी."

निखिल त्या गोलाकडे बघत राहिला. पेन उचललं, ठेवलं, उचललं. मग चिठ्ठी लिहून, घडी न घालता माझ्याकडे दिली. मी नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचली.

"गाव शोधण्यासाठी आणखी चार तुकड्या. हे शेवटचं."

दारापलीकडे वेई जिएला ऐकू गेलं असावं, कारण बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. बांनी हानला विचारलं, काय लिहिलंय. हाननं सांगितलं. बांनी निखिलकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. ताटलीतली सर्वांत मोठी फोड घेतली, तिच्यावरची पांढरी साल बारकाईनं काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खाल्ली.

जाताना प्रमुख बाई माझ्याजवळ थांबल्या. "ऑगस्टपासून तू घे. तेवढं गाव सापडतंय का बघ." प्रोफेसरांनी चिठ्ठ्यांचा डबा माझ्या पिशवीत ठेवला. बांनी बाळाची गाडी ढकलत लिफ्ट गाठली. हान त्यांच्या मागे, एक पाऊल अंतर राखून.

ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली. माझ्या डोक्यात ऑगस्टच्या काळज्या सुरू झाल्या होत्या, चांगल्या, भरघोस. तेवढ्यात लक्ष गेलं. रेवानं दाराचा दांडा डाव्या हातानं धरला होता, सीटवर बसताना डाव्या हातानं टेकून चढली होती, आणि आता पाण्याची बाटलीही दातांनी उघडत होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"बघू काय आहे?"

"कॅनॉट."

"कुणी दिलं?"

"बा."

"काय म्हणाल्या बा?"

रेवानं विचार केला. "काहीच नाही. शी जस्ट क्लोज माय हँड."

"म्हणजे कशी?"

तिनं माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, उताणा केला, त्यावर आपली मूठ उघडली. मग माझी बोटं एक एक करून मिटवली, अंगठा शेवटी, आणि वरून आपले दोन्ही हात दाबून धरले.

टॅम्पिनीस आलं. गेटवर मी डाव्या हातानं पर्स उघडली, डाव्या हातानं कार्ड शोधलं, डाव्या हातानं टॅप केलं. गेट उघडलं.